फ्लायव्हीलचं वजन

“अहो, बघा, बाकावरचा पाना आता जागचा हलत नाहीये!” इंजिनाच्या आवाजाच्या वर आवाज चढवून बायको ओरडली.

मिस्त्रीने इंजिन बंद केलं. जुन्या मोटारीतलं ते रोटरी इंजिन स्वतः बांधलेल्या विमानाला बसवल्यापासून मंद फिरताना असं थरथरायचं, की बाकावरची हत्यारं सरकत सरकत खाली पडायची. हत्यारांचं काही नाही. पण त्या हिसक्यांनी इंजिन आणि पुढचा पंखा जोडणाऱ्या गिअरचे दात झिजत होते, आणि हवेत दात तुटला की पंखा थांबलाच. एकटा असता तर त्याने तसंच रेटलं असतं. शेजारी बायको बसणार, म्हणून त्याने फ्लायव्हीलवर, इंजिनाचे हिसके सोसणाऱ्या चाकावर, पोलादाचं जड कडं चढवलं होतं.

“जन्मभर लोकांचे पंप दुरुस्त केलेत,” ती म्हणाली, “आता जरा बायकोला फिरवा.”

विमानाच्या दोन्ही पंखांचं कापड तिनेच शिवलं होतं, दुसऱ्या खुर्चीची गादीसुद्धा. इतके रविवार या शेडमध्ये गेले, पण तिने कधी कुरकुर केली नाही. एकदा वर न्या, एवढंच तिचं मागणं होतं.

संध्याकाळी त्यांनी विमान वजनकाट्यांवर चढवलं. मिस्त्रीने बेरीज केली, पुन्हा केली. आधी रेडिएटर मोठा झाला होता, मग गिअरची पेटी जाड झाली होती, आणि आता या कड्याने वजनाची मर्यादा ओलांडली. दोघं बसली तर विमान धड उठणार नव्हतं.

“त्यात काय!” ती म्हणाली. “मी रात्रीचं जेवण बंद करते. तुम्हीही ती ढेरी आवरा.”

“अगं, दोघं उपाशी राहिलो तरी जमत नाही.”

“मग कडं काढा.”

“आणि गिअर तुटला तर? तू शेजारी असताना?”

त्याने पेट्रोल कमी धरून पाहिलं, बॅटरी लहान धरून पाहिली. काही केल्या जमेना. कडं ठेवलं तर बायको बसत नव्हती, काढलं तर तिला बसवायची हिंमत नव्हती. पहिलं उड्डाण एकट्याचंच असतं, हे दोघांनाही ठाऊक होतं. आता पुढची सगळीच एकट्याची होती. मिस्त्रीला रडू यायचं तेवढं बाकी राहिलं.

“तुम्ही जा,” शेवटी ती म्हणाली. “मी खालून बघेन.” ती रागावली असती तर त्याला बरं वाटलं असतं.

उड्डाणाच्या दिवशी इंजिनाने तक्रारीला जागा ठेवली नाही. मैदानाला एक मोठी फेरी मारून विमान अलगद उतरलं. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मिस्त्रीची धाकटी बहीण भावजयीचा हात ओढत विमानापर्यंत धावली.

“वहिनी, आता तुझा नंबर! कधी जातेस?”

“मी कुठली जाते गं,” बायको हसली. “मला जिन्यावरून खाली बघितलं तरी गरगरतं.”

घराच्या छपरावर चढून पत्रे तीच ठोकायची. मिस्त्री खाली शिडी धरून उभा असायचा.

त्याने तिचं बोलणं विमानातून ऐकलं. हेल्मेट काढायला वर गेलेला हात त्याने खाली घेतला, आणि तोंडावरची काच तशीच बंद ठेवून तो आत बसून राहिला.