जज्जसाहेबांचा डावा कान

भाचीच्या पत्राला उत्तर द्यायचं राहून गेलं होतं. ‘राहून गेलं’ ही सुद्धा पळवाटच; प्रूफवाल्यांनी ते दिलं नव्हतं. तिने लिहिलं होतं, ‘मामा, फोनवर तू नुसतं हं-हं करतोस, म्हणून कागदावर विचारते. मी लिहिलेला सिनेमा या शुक्रवारी लागतोय. दर शुक्रवारी तू नवा सिनेमा बघतोसच. हाही बघ आणि खरं काय ते कळव. बँकेने दिलेली बिनपगारी रजा महिनाअखेर संपते. पुन्हा काउंटरमागे जाऊन बसू, की लिहीत राहू? आईला विचारलं तर ती बँकच म्हणणार. मला तुझं मत हवंय. तुझं, जज्जसाहेबांचं नव्हे.’

शेवटचं वाक्यच नडलं. प्रूफवाल्यांचा जन्म छापखान्याच्या मागच्या खोलीत, दुसऱ्यांची वाक्यं नीट करण्यात गेला. स्वतःचं मत कधी कुणी मागितलं नाही आणि मागितलं असतं तर ते घरात सापडलं असतं की नाही, याची त्यांना खात्री नव्हती. पत्र त्यांनी वाचनाच्या पुस्तकात खूण म्हणून घातलं. पुस्तक संपलं, दुसरं सुरू झालं, खूणही तिकडे गेली. पत्ता लिहून, तिकीट चिकटवून पाकीट मात्र कोटाच्या खिशात तयार होतं. लग्नाची सगळी तयारी, फक्त नवरामुलगा पसार.

जज्जसाहेबांना मताची अशी कधी अडचण पडली नाही. ते जज्ज नव्हते. कोर्टात त्यांनी आयुष्यभर फायली या टेबलावरून त्या टेबलावर नेल्या. नोकरीत एकही निकाल देता आला नाही, म्हणून निवृत्तीनंतर दर शुक्रवारी एक देत. पहिला खेळ बघायचा आणि समोरच्या चहाच्या दुकानात बसून तो सिनेमा निकालात काढायचा. सोबतीला दोघे: एक प्रूफवाले आणि दुसरे दातांचे डॉक्टर. डॉक्टरांनी दवाखाना बंद केला होता, पण समोरचा हसला की त्यांची नजर अजून थेट दाढेपर्यंत जाई.

खरं तर या तिघांनी नाकं मुरडावीत असेच सिनेमे लागत. नायक आधी पाठमोरा दिसायचा, मग कुठून तरी वारा सुटायचा, मग तो वळायचा. एवढ्यावर लोक शिट्ट्या मारायचे. ज्याच्याकडे बघून वाटावं की याच्या बुटाची नाडीही दुसरा बांधत असेल, तो वीसजणांना लोळवायचा. नायिकेला आजार व्हायचा तो केसाला धक्का न लावणारा. पुढच्या रांगेतली माणसं मोबाइलच्या उजेडात पॉपकॉर्न शोधायची आणि खाली सांडलेलं तुडवत बाहेर पडताना ‘मस्त होता’ म्हणायची. पण निदान ती ऐकून म्हणायची. जज्जसाहेब न ऐकताच निकाल द्यायचे.

कारण त्यांचा उजवा कान कामातून गेलेला होता आणि डावा अर्धवेळ नोकरीवर होता. ढोलताशे तेवढे ऐकू यायचे, शब्द नाही. कानाचं यंत्र लावायला ते तयार नव्हते. “ते म्हाताऱ्यांसाठी असतं,” म्हणायचे. मग प्रूफवाल्यांनी डाव्या हाताला बसायचं आणि पडद्यावरचं वाक्य न् वाक्य त्या कानात पोहोचवायचं. मागचे लोक शुक्-शुक् करायचे. “काका, घरी जाऊन गप्पा मारा की!” असंही कुणी ओरडायचं. जज्जसाहेबांना तेही ऐकू यायचं नाही. शरमेने मान खाली घालायचं काम प्रूफवाल्यांकडेच होतं.

पण हाताला लागलेली सवय कुठे जाते? सुरुवातीला ते जसंच्या तसं सांगत. मग लांबलेलं वाक्य आटोपशीर करू लागले, पुढे लंगडं वाक्य सावरू लागले आणि शेवटी शेवटी त्यांना वाटेल ते घालू लागले. जज्जसाहेब चहा पिताना म्हणायचे, “सिनेमा भिकार. पण तो म्हातारा मरताना एक वाक्य बोलला, ते मात्र झकास.” ते वाक्य हमखास प्रूफवाल्यांचं असायचं. डॉक्टर म्हणायचे, “कधी बोलला? तो तर खोकत खोकतच गेला.”

“डॉक्टर, तुम्ही दातांचं बघा, कान माझ्यावर सोडा.”

प्रूफवाले कपात बघून हसू दाबायचे. ताकास तूर लागू द्यायचे नाहीत. जगात एक तरी माणूस आपल्या वाक्यांना दाद देतो, आणि तो बहिरा आहे, एवढंच त्यांचं साहित्यिक यश.

भाचीच्या सिनेमालाही ते तसेच डाव्या बाजूला बसले. ती आपली भाची, हे त्यांनी कुणाला सांगितलं नव्हतं. नावं पडद्यावर आली तेव्हा ‘लेखिका’ एवढंच वाचून जज्जसाहेब चष्मा पुसू लागले. बाप आणि मुलगी यांच्या भांडणाची गोष्ट होती. बाप रागाने घर सोडून जातो. बऱ्याच दिवसांनी मुलगी त्याला फोन करते. रडणं नाही, संगीत नाही. ती नुसतं म्हणते, “बाबा, किल्ली कुंडीखाली ठेवलीय.” आणि फोन ठेवते.

प्रूफवाले कानात सांगायचंच विसरले. शेजारून कोपराने ढोसणी आली, “काय म्हणाली?”

घाईत, सवयीने, आणि भाचीची लाज राखावी या वेड्या मायेने ते कुजबुजले, “बाबा, या घराचं दार तुमच्यासाठी सदैव उघडं आहे.”

चहाच्या दुकानात निकाल लागला. “पुस्तकी! म्हणे दार सदैव उघडं आहे. शाळेच्या नाटकातसुद्धा असं बोलत नाहीत. लिहिणारीने माणसं कधी पाहिलीत की नाही?”

“मला तर किल्लीबिल्ली ऐकू आली,” डॉक्टर म्हणाले.

“तुम्हाला झोप आली होती. काय हो प्रूफवाले, दारच ना?”

प्रूफवाल्यांनी मान डोलावली. दर शुक्रवारी ज्यांची री ओढली त्यांची याच दिवशी कशी सोडणार? घरी येऊन त्यांनी पत्र एका पुस्तकातून दुसऱ्यात घातलं.

त्यानंतर जज्जसाहेबांना तोंडी लावायला ते दार मिळालं. कुठलाही सिनेमा असो, “त्या सदैव उघड्या दारापेक्षा बरा,” किंवा “त्या दाराचाच भाऊ.” शुक्रवारमागून शुक्रवार गेले. महिना संपत आला. त्या शुक्रवारी एक भयंकर सिनेमा बघून तिघे चहाला बसले आणि जज्जसाहेब पुन्हा म्हणाले, “हाही त्या दारवालीनेच लिहिला असणार. अशा बायकांना कुणी घरात कामं देत नाही का?”

“ती माझी भाची आहे,” प्रूफवाले म्हणाले.

डॉक्टरांचा कप अर्ध्यावर थांबला. जज्जसाहेब म्हणाले, “काय?”

म्हणजे धीर करून एकदा बोललेलं वाक्य पुन्हा बोलणं आलं, तेही वाकून, कानात. प्रूफवाल्यांनी ते बोलून दाखवलं. पत्राचं, रजेचं, बँकेचंही सांगून टाकलं.

दुसरा माणूस ओशाळला असता. जज्जसाहेब खुलले. “मग आधी का नाही बोललात? पोरगी सल्ला मागतेय आणि तुम्ही खिशात पाकीट घेऊन फिरताय! काढा कागद. मी सांगतो, तुम्ही लिहा. तुमच्याच्याने काही व्हायचं नाही.”

एवढं मात्र खरं होतं. प्रूफवाल्यांनी कागद काढला, पेन उघडलं. जज्जसाहेबांनी डोळे मिटले, खुर्चीत मागे रेलले.

“चिरंजीव भाचीस आशीर्वाद. तुझा सिनेमा पाहिला. वेळ वाया गेला. लिहिलंत?”

“हं.”

“संवाद पुस्तकी आहेत. माणसं असं बोलत नाहीत.”

पेन थांबलं. पुस्तकी वाक्य प्रूफवाल्यांचं, आणि फाशी भाचीला. दर शुक्रवारी या माणसाच्या कानात आपण शब्द ओतले आणि त्या कानाला न्यायासन समजलो. त्यांना जज्जसाहेबांची कीव आली, पण स्वतःची किळस त्याहून जास्त आली. मग पेन चालू लागलं, आणि जज्जसाहेब बोलत होते त्यापेक्षा बरंच भरभर.

“तुझ्यात लेखनाचा गुण दिसत नाही. बँकेची नोकरी सोन्यासारखी आहे, ती सोडू नकोस. खाली तुमचं नाव घाला. आता वाचून दाखवा.”

प्रूफवाले वाकले आणि डाव्या कानात त्यांनी वाचलं: वेळ वाया, संवाद पुस्तकी, गुण दिसत नाही, बँक सोन्यासारखी. एक शब्द इकडचा तिकडे नाही.

टेबलाच्या दुसऱ्या बाजूने डॉक्टर मान तिरपी करून कागद वाचत होते. कागदावर होतं: ‘मध्यंतरानंतर सिनेमा रेंगाळतो. मुलीचा तो भाऊ गोष्टीत कशासाठी आहे, ते तुलाही माहीत नसावं. बापाची भाषणं निम्मी काप. पण किल्ली कुंडीखाली ठेवलीय, हे जिला सुचलं तिने काउंटरमागे बसू नये. तुझ्या जागी मी असतो तर दार सदैव उघडं आहे, असलं काहीतरी लिहिलं असतं. म्हणून मी जन्मभर प्रूफं तपासली. रजा संपू दे. तू लिही. — मामा.’

डॉक्टरांनी प्रूफवाल्यांच्या हातातला कागद घेऊन नीट घडी केली, पाकिटात घातली आणि पाकीट जिभेवरून फिरवून बंद केलं.

“आता हे आठवडाभर खिशात फिरवतील,” जज्जसाहेब म्हणाले. “इकडे आणा. निकाल लागला की अंमलबजावणी तिथल्या तिथे.”

दुकानाबाहेर कोपऱ्यावर टपालपेटी होती. जज्जसाहेब छाती पुढे काढून तिथवर गेले. मागोमाग प्रूफवाले, त्यांच्यामागे डॉक्टर. पेटीपाशी प्रूफवाल्यांचा हात नकळत पुढे झाला. ‘रेंगाळतो’ फार कडक झालं का, भावाबद्दलचं वाक्य गाळायला हवं होतं का, एकदा स्वच्छ उतरवून काढावं का? डॉक्टरांनी तो हात धरून ठेवला.

“घाबरताय कशाला? तिच्या भल्याचंच आहे,” असं म्हणून जज्जसाहेबांनी पाकीट आत टाकलं आणि पत्र्याचं झाकण खाडकन आपटलं.

तेवढं मात्र त्यांना स्पष्ट ऐकू आलं.