आधी घड्याळ, मग जमीन

आमच्या सरांचं एकच तुणतुणं होतं, "आधी घड्याळ, मग नकाशा, मग जमीन." विमान कुठल्या दिशेला, किती वेगानं आणि किती वेळ गेलं, यावरून आपण कुठं असायला हवं ते आधी नकाशावर काढायचं आणि मगच खाली बघायचं. जो आधी खाली बघतो, त्याला दिसेल ते गाव आपलंच वाटायला लागतं. बारामतीच्या माळावरच्या त्या वर्गात आम्ही सरांची नक्कल करून हसायचो. सगळ्यात पुढं मी. वर्गात मुलगी एकटी, त्यातून निरवांगीच्या मेंढपाळाची. तोंड चालवल्याशिवाय माझा निभाव लागला नसता.

१९९८च्या फेब्रुवारीत एका सकाळी मला पहिल्यांदा एकटीला लांब सोडलं. बारामतीहून भिगवण, तिथून इंदापूर, आणि परत. हे जमलं तर पुढचं शिक्षण, नाहीतर घरी बसून लोकांचं ऐकायचं.

भिगवण बरोबर सापडलं. रेल्वेचे रूळ आणि सोलापूरचा रस्ता ओळखायला अवघड नाहीत. तिथून मी उजवीकडं वळले. आता रस्ता उजव्या हाताला आणि उजनीच्या धरणाचं पाणी डाव्या हाताला राहायला हवं होतं. वारा उजवीकडून होता. होडी नदी ओलांडताना जशी खाली वाहत जाते, तसं विमानालाही वारा लोटतो, म्हणून नाक थोडं वाऱ्याकडं धरावं लागतं. मी धरलं, पण कमी पडलं. त्यात ऊसतोडीचे दिवस. शेताशेतांत पाचट पेटवलेलं, सगळीकडं धूर. डाळजच्या आसपास रस्ता दिसेनासा झाला. खाली, समोर, वर, सगळीकडं एकच राखाडी रंग.

अशा वेळी काय करायचं ते मला पाठ होतं. दिशा सोडायची नाही, वर चढायचं आणि रेडिओवर सरळ सांगायचं की वाट चुकली. पण खाली सगळा वर्ग रेडिओला कान लावून बसलेला. माझ्या जिवावर आलं. म्हटलं, आधी खाली काही दिसतंय का बघू.

आणि गाव दिसलं.

चिंचेचं मोठं झाड, त्याच्या पलीकडं चावडी, वळण घेऊन उताराला गेलेली वाट आणि टोकाला बिरोबाचं देऊळ. मी ते गाव ओळखलं, कारण माझ्या वडिलांनी मला ते अंगणातल्या मातीत काठीनं शंभर वेळा काढून दाखवलं होतं. मातीत काढलेलं गाव वरूनच दिसतं. हेही तसंच दिसत होतं. आमचं जुनं गाव. ते धरणात गेलं तेव्हा मला नीट चालताही येत नव्हतं.

भीती वाटायला हवी होती. मला आनंद झाला. इतका, की डोळ्यांत पाणी आलं. घड्याळ विसरले, नकाशा मांडीवरून खाली पडला. मी विमान हळूहळू खाली घेतलं.

घराघरांच्या दारांत माणसं उभी होती. सगळ्यांनी एकेक हात वर केला होता आणि ती मला बोलवत होती. गावाच्या अलीकडं पांढरी मेंढरं पसरली होती आणि मेंढरांपुढं लाल फेट्याचा एक म्हातारा. घरात आजोबांचा, म्हणजे आबांचा, एकच फोटो आहे, त्यात असाच फेटा आहे. हे तेच, माझे आजोबा, तात्याबा. पाणी चढत होतं तेव्हा मागं राहिलेली मेंढरं आणायला गेले, ते परत आले नाहीत. सापडलेही नाहीत.

त्यांनी दोन्ही हातांनी घोंगडं पसरून धरलं होतं आणि ते इकडून तिकडं जोरजोरात हलवत होते. मला वाटलं, नातीला बघून हरखलेत. मीही वेड्यासारखा हात हलवला आणि आणखी खाली आले. ते घोंगडं घेऊन तसेच माझ्या दिशेनं धावत सुटले.

मेंढरं बुजली. बुजली आणि उडाली. पांढरे पंख, खाली गुलाबी रंग, लांब लटकलेले पाय. रोहित पक्षी! त्यांच्याखाली पाणी होतं, आरशासारखं निश्चल, ज्यावरून उंचीचा अंदाज कुणालाच येत नाही. मी उंचीच्या काट्याकडं पाहिलं. काटा पाण्याच्या उंचीला टेकायला आला होता.

इंजिनाला पूर्ण ताकद देऊन मी नाक वर ओढलं. विमानाच्या चाकांना पाण्याचे शिंतोडे लागले असतील, तर मला नवल वाटणार नाही. वर आल्यावर नकाशा उचलला, घड्याळ पाहिलं. किती वेळ गेला, वाऱ्यानं किती लोटलं, याचा हिशेब केला आणि रस्ता दिसत नसतानाही उजवीकडं वळले. थोड्या वेळानं लोणी देवकरच्या कारखान्यांची पत्र्याची छपरं दिसली. मग इंदापूर, मग परत बारामती. सरांना म्हटलं, धूर फार होता. त्यांनी माझ्या चेहऱ्याकडं पाहिलं आणि चहा मागवला.

संध्याकाळी निरवांगीला जाऊन वडिलांना, आमच्या दादांना, सगळं सांगितलं. वडील, कुंडलिक देवकाते, एरवी माझ्या विमानाच्या गप्पांना हसतात. त्या दिवशी हसले नाहीत.

"घोंगडं कसं धरलं व्हतं?"

"दोन्ही हातांनी. पसरून."

"मंग त्यो तुला बोलवत नव्हता, रतन. मेंढराला बोलवायला हाळी घालत्यात. घोंगडं पसरत्यात ते वळवायला. फुडं खड्डा असला, पानी असलं, तर आडवं व्हायचं आन् माघारी फिरवायचं."

मी म्हटलं, "पण दादा, बाकीचे सगळे तर बोलवत होते. दारादारांत उभे राहून."

"बाकीचं कोन?"

"गावातली माणसं. बुडालेली."



"गावातलं कुनीबी बुडालं न्हाय. गाव सगळं वेळंवर निघालं. पान्यात गेला त्यो एकटा आबा."

"मग ती माणसं कोण होती?"

"म्या काय सांगू?" दादांनी पंचा डोळ्यांना लावला. त्यांना रडताना मी कधी पाहिलं नव्हतं. "आमी समजत व्हतो, आबा मेला आन् सुटला. इतकी वर्सं त्यो तितं त्यांच्याम्होरं एकटाच उभा हाय व्हय गं?"