ओळीतला चौथा डबा

वर्षाच्या अकराव्या महिन्यातील दुसऱ्या गुरुवारी, सकाळी साडेदहा वाजता, अंधशाळेच्या छापखान्याच्या तळमजल्यावर, जेथे पत्र्यावर ब्रेलचे ठिपके उठवणारे यंत्र आणि त्याला मजकूर पुरवणारा संगणक शेजारी शेजारी नांदत होते, तेथे त्या संगणकाचे पोट उघडण्यात आले. उघडणारी बाई मुख्य मुद्रितशोधकांची भाचेसून होती, आणि तिला बोलावण्यास तीन दिवस विरोध करणारे गृहस्थ खुद्द मुद्रितशोधकच होते.

मुद्रितशोधक जन्मांध होते. छापखान्यातून बाहेर पडणारे प्रत्येक पान सव्वीस वर्षे त्यांच्या तर्जनीखालून गेले होते. चुकीची त्यांनी कधी गय केली नाही, आणि बिनचूक पानालाही 'चालेल' याहून मोठी पदवी दिली नाही. वाद घालणे हा त्यांचा विसावा होता. गेली चार वर्षे खपून त्यांनी भूमितीच्या सात खंडांची शुद्ध प्रत सिद्ध केली होती. त्यातल्या आकृत्यांची एकेक रेषा ठिपक्याठिपक्याने तपासलेली होती. दोन महिन्यांनी ते निवृत्त व्हायचे होते. आणि सोमवारी ती प्रत नाहीशी झाली.

तशी व्यवस्था चोख होती. संगणकात दोन डिस्क होत्या. एकीवर लिहिलेले दुसरीवर आपोआप उमटे. एक गेली तरी दुसरी तारील, या भरवशावर सगळे निर्धास्त होते, आणि म्हणूनच तिसरी प्रत बाहेर ठेवण्याचे कुणाच्या मनातही आले नव्हते. दुकानातून आलेल्या कारागिराने दोन्ही डिस्क गेल्याचे सांगितले, हळहळ व्यक्त केली आणि नव्या डिस्क घालून जुन्या भंगारात नेण्याची तयारी दाखवली. मुद्रितशोधकांच्या तोंडचे पाणी पळाले. तेव्हा कुठे, व्यवस्थापकांनी भाचेसुनेचे नाव चौथ्यांदा काढल्यावर, त्यांनी विरोध सोडला. पिकते तिथे विकत नाही म्हणतात. ज्या मुलीला आपण बहिणीच्या स्वयंपाकघरात मिक्सर उघडून बसलेली ऐकली, ती आपली चार वर्षे परत आणील, हे त्यांच्या पचनी पडत नव्हते.

तिने आल्या आल्या पडद्यावर काय दिसले ते विचारलेच नाही. मामांनी काय ऐकले, ते विचारले. कारागिराने त्यांना खुर्ची बाजूला घ्या, एवढेच सांगितले होते. मुद्रितशोधकांनी घसा साफ केला आणि साक्ष द्यावी तसे सांगितले, की डिस्कचा सूर जुनाच आहे, खरखर नाही, अडखळ नाही. सकाळी संगणक थंड असताना दहाएक मिनिटे सारे सुरळीत चालते, आणि मग दोघी एकाच क्षणी 'टक्' करून गप्प होतात.

"दोघींना एकाच क्षणी मरण येत नाही, मामा," ती म्हणाली. "आलंच, तर विष एकाच ताटातून गेलेलं असतं."

ते एक ताट म्हणजे कंट्रोलरचे कार्ड. डिस्कवर जाणारे-येणारे प्रत्येक अक्षर त्याच्याच हातून जात असे. व्यवस्थापकांनी लगेच नवे कार्ड आणण्याचा विचार बोलून दाखवला. तिने तो मोडून काढला. परके कार्ड आले की त्याला जुनी मांडणी उमगणार नाही, ते नवी मांडणी करू का म्हणून विचारील, आणि कुणी उतावीळपणे हो म्हटले की सातही खंड पुसले जातील. मग सकाळच्या त्या दहा मिनिटांत प्रत उतरवून घ्यावी, असे मुद्रितशोधकांनी सुचवले. त्यालाही ती नाही म्हणाली. आजारी कार्डाने एक ठिपका चुकीचा लिहिला, तर तो दोन्ही डिस्कवर सारख्याच इमानाने उमटेल. ही भीती मुद्रितशोधकांना तत्काळ कळली. ती त्यांची जन्माची भीती होती.

मग डिस्क सोडवून तिने बाजूला ठेवल्या आणि स्वतःजवळच्या दोन रिकाम्या डिस्क जोडल्या. केबल बदलली, यंत्र सुरू केले, दहा मिनिटे थांबली, 'टक्' ऐकून नोंद केली, जुनी केबल परत लावली. वीज पुरवणारा डबा बदलला, पुन्हा थांबली, पुन्हा नोंद, पुन्हा जुने जागेवर. तास उलटला तेव्हा मुद्रितशोधकांचा धीर सुटला. सगळे एकदम बदलून मोकळी का होत नाहीस, असे त्यांनी खडसावले.

"एका पानावर दहा दुरुस्त्या एकदम केल्या आणि पान सुधारलं," ती वर न पाहता म्हणाली, "तर चूक कोणती होती, हे तुम्हाला सांगता येईल का?"

सव्वीस वर्षे हाच प्रश्न ते उमेदवारांना विचारत आले होते. वादात हरण्याचा त्यांना सराव नव्हता. पण वाईट वाटण्याऐवजी त्यांना विलक्षण बरे वाटले.

शेवटी उरले ते कार्डच. तिने ते काढले. त्यावर वीज क्षणभर साठवणारे सहा छोटे डबे ओळीने उभे होते, चकचकीत माथ्यांचे. तिने ते उजेडात फिरवले, भिंग लावले, आणि कार्ड मामांच्या हातावर ठेवले.

"मला सहाही सारखे दिसतात. तुम्ही वाचा."

त्यांनी तर्जनी डावीकडून उजवीकडे नेली. मग पुन्हा नेली.

"चौथा," ते म्हणाले. "बाकीचे सपाट आहेत. याच्या माथ्यावर ठिपका आहे. केसाएवढा. नसायला हवा."

तिने स्वतः बोट फिरवून पाहिले. तिला काही लागले नाही. तरी तिने त्यांचा शब्द प्रमाण मानला. डाग देण्याची सळई तापवली, चौथा डबा उतरवला आणि आपल्या पेटीतला त्याच मापाचा नवा बसवला. रिकाम्या डिस्कवर यंत्र सुरू झाले. दहा मिनिटे झाली. वीस झाली. चाळिसाव्या मिनिटालाही 'टक्' आले नाही, तेव्हा तिने खऱ्या डिस्क जोडल्या, आणि सर्वांत आधी सातही खंडांची प्रत बाहेरच्या डिस्कवर घेतली.

व्यवस्थापक अभिनंदनाला उठले. तिने त्यांना हाताने थांबवले. पडद्यावर नावे दिसली म्हणजे मजकूर आला असे होत नाही. सातव्या खंडातले कुठलेही एक पान काढा आणि मामांच्या हाती द्या, असे ती म्हणाली.

ठिपके उठवणारे यंत्र खडखडले. मुद्रितशोधकांनी सर्वांत किचकट आकृतीचे पान मागून घेतले होते. ते त्यांनी वरपासून खालपर्यंत वाचले, मग खालपासून वर. चूक सापडावी म्हणून ते मनापासून झटत होते.

"चालेल ना?" व्यवस्थापकांनी विचारले.

मुद्रितशोधकांनी पान खाली ठेवले आणि ती पेटी आवरत होती त्या आवाजाच्या दिशेने तोंड वळवले.

"'चालेल' नाही," ते म्हणाले. "सूनबाईचं काम निर्दोष आहे."