तुमचा एसी, आमचा एसी

मुलुंडच्या त्या दोन खोल्यांत एसी एकच होता, पण त्याला मालक दोन होते. पाहुणे आले की रत्नप्रभाबाई म्हणायच्या, "बसा ना, आमचा एसी लावते." तोच बंद पडला की सुनेकडे वळायच्या. "तुमचा एसी बिघडलाय गं. बाबांना कळव."

कळवलं की सुलक्षणाचे बाबा, गुणाजी, दहिसरहून येत. ते गोरेगावच्या एका स्टुडिओत दिव्यांच्या खात्यात होते. सोबत तिथलाच वायरमन कुंडलिक असायचा. दोघं खोलीचं दार लोटून घेत, अर्धा तास खुडबुड करत, चहा पीत, आणि पैसे गुणाजी देत. गॅस भरायचे साडेचारशे, पंख्याची मोटर दोनशे, एकदा स्टॅबिलायझर जळला त्याचे सहाशे. चार वर्षांत त्या एसीने एवढं खाल्लं होतं की तेवढ्यात तो पुन्हा एकदा विकत आला असता. सुलक्षणाने हे मनात कितीदा मांडलं होतं, पण बोलायची सोय नव्हती.

दार का लोटायचं, हे बापलेकीला आणि कुंडलिकलाच ठाऊक होतं. लग्न ठरताना रत्नप्रभाबाईंनी काही मागितलं नव्हतं. मागणाऱ्यांतल्या त्या नव्हेतच. बशी खाली ठेवताना एवढंच म्हणाल्या होत्या, "आमच्या नंदकुमारच्या खोलीत पश्चिमेचं ऊन फार येतं हो." ते ऊन गुणाजींनी अंगावर घेतलं. नवा एसी त्यांच्या आवाक्यात नव्हता. स्टुडिओच्या मेकअपरूममधला एक भंगारात निघत होता. त्याला रंग मारला, पुढची जाळी नवी बसवली, कुठूनसं खोकं पैदा केलं, आणि तो नवाकोरा म्हणून मुलुंडला आला.

आणि आता शहाऐंशीच्या मे महिन्यातला हा रविवार. पाच वाजता नणंदेला, माणिकला, बघायला घाटकोपरची मंडळी यायची होती. सासरे आणि नंदकुमार दुपारीच बाजाराला बाहेर पडले होते, तिथून परस्पर त्यांना आणायला स्टेशनवर जाणार होते. एसी सकाळपासून घशात काहीतरी अडकल्यासारखा खरखरत होता, दुपारी तो गप्पच झाला. शेजारच्यांच्या फोनवरून निरोप गेला आणि गुणाजी घामाघूम होऊन आले, पण एकटेच. कुंडलिक शूटिंगसाठी बाहेरगावी होता.

"असू दे हो," रत्नप्रभाबाई म्हणाल्या. "मी बाजारातल्या चंद्रप्रकाशला बोलावलंय. तो वरवरचं करत नाही. सगळा उघडून बघतो."

"सगळा कशाला?" गुणाजींचा रुमाल मानेवरच थांबला. "जाळी धुतली की—"

"चार वर्षं जाळीच धुताय ना?"

चंद्रप्रकाश आला, कानावरची पेन्सिल सावरत त्याने पुढचं झाकण काढलं आणि म्हणाला, "काका, जरा हात लावा." एसीचं धूड खिडकीतून आत ओढायला एक बाजू गुणाजींनाच धरावी लागली. स्वतःचं बिंग स्वतःच्या हाताने बाहेर काढायची पाळी फार थोड्यांवर येत असेल. सुलक्षणा पोह्यांचे कांदे घेऊन दारातच बसली. आत जायला तिला धीर होईना. नवा म्हणून जुना दिला हे एकदा उघड झालं, की या घरात ती जन्मभर फसवणाऱ्याची मुलगी राहणार होती.

"किती सालचा म्हणालात?" चंद्रप्रकाशने विचारलं.

"लग्नातला. ब्याऐंशीचा," रत्नप्रभाबाई म्हणाल्या. "नवा."

'नवा' जरा जास्तच ठासून आला, असं सुलक्षणाला वाटलं.

चंद्रप्रकाशने आतल्या पत्र्यांवरून बोट फिरवलं. बोट गुलाबी झालं. "काकी, ही काय भानगड? किलोभर पावडर बसलीय आत. हा एसी घरात होता की ब्युटी पार्लरमध्ये?"

सुरी कांद्यात अर्धीच थांबली. गुणाजी खिडकीबाहेर बघत होते, तिथे बघण्यासारखं काही नसताना.

"आमची माणिक लावते ना," रत्नप्रभाबाई शांतपणे म्हणाल्या. "डबेच्या डबे संपवते."

"आई! मी कधी गं?" आतून माणिक ओरडली.

"तू केस विंचर!"

सुलक्षणाने मान वर केली. सासूने झाकून घेतलं? कशासाठी? तेवढ्यात चंद्रप्रकाशने पंख्यामागून काहीतरी खरवडून काढलं आणि हसत तळहातावर ठेवलं. सोनेरी चमकीची, चांदणीच्या आकाराची टिकली होती. नाचणाऱ्या मुलींच्या कपाळाला लावतात तसली.

तसलीच दुसरी टिकली या खोलीत होती. कपाटाच्या आरशाच्या कोपऱ्यात. चार वर्षं सुलक्षणा तिच्या कडेकडेने आरसा पुसत आली होती. माणिकच्या शाळेच्या गॅदरिंगमधली असेल, म्हणून तिने कधी विचारलंही नव्हतं.

रत्नप्रभाबाईही आरशाकडेच बघत होत्या.

"कपॅसिटर गेलाय," चंद्रप्रकाश सांगत होता. "तीनशेत आजच्यापुरता चालू करून देतो. पण कॉम्प्रेसर काही टिकत नाही. महिन्याभरात नवा टाकावा लागेल. अठ्ठावीसशे धरून चाला."

गुणाजींचा हात खिशाकडे गेला. "आजचे घ्या. बाकीचं... फंडातून उचल काढतो. दिवाळीला रिटायर व्हायचंच आहे."

"बाबा, पाकीट आत ठेवा."

"गप रव गो," गुणाजी घाबरून गावच्या बोलीत पुटपुटले. "तुका काय कळता?"

सुलक्षणा उठली. चंद्रप्रकाशच्या हातातली टिकली तिने घेतली, जिभेला लावली आणि आरशावर पहिलीच्या शेजारी दाबून बसवली.

"आई, जोडी लागली."

आतला कंगवा थांबला.

"पहिल्याच दिवशी पडली ना?" सुलक्षणाने विचारलं.

"बटण दाबलं आणि माझ्या पदरात आली," रत्नप्रभाबाई म्हणाल्या. "खोक्यातून नवा निघालेला एसी चांदण्या टाकत नाही, एवढं मला कळतं."

"मग बोलला का नाहीत?"

"बोलले असते तर तुझ्या बाबांची मान खाली गेली असती."

"आणि बिलं तुमच्याकडे आली असती."

गुणाजींनी डोळे मिटून घेतले. रत्नप्रभाबाईंचा चेहरा तांबडा झाला. एरवी या वाक्यावर चाळीभर ऐकू जाईल असं काही निघालं असतं. पण घड्याळात साडेतीन वाजले होते, खोली भट्टीसारखी तापली होती, आणि माणिक तिशीकडे झुकली होती.

"काकी, टाकू का कपॅसिटर?" चंद्रप्रकाशने विचारलं. "का जाऊ?"

सुलक्षणाने बाबांचं मनगट धरून ठेवलं होतं. शेवटी रत्नप्रभाबाईंनी कमरेची किल्ली काढून कपाट उघडलं. दोन चांदण्यांसकट आरसा बाजूला झाला. त्यांनी शंभराच्या तीन नोटा मोजल्या, आणि पुन्हा मोजल्या.

पाच वाजता एसी चालू होता. मुलाच्या आई सुगंधाबाई नेमक्या त्याच्या झोतात बसल्या.

"छान गार आहे हो खोली."

"आमचा एसी—" सवयीने रत्नप्रभाबाईंच्या तोंडून गेलं.

माणिकने पोहे दिले, नाव सांगितलं, शिक्षण सांगितलं. सगळं बरं चाललं होतं. सुगंधाबाईंनी चहा संपवला आणि बशी खाली ठेवता ठेवता म्हणाल्या, "आमच्या घाटकोपरला ना, मुलाच्या खोलीत पश्चिमेचं ऊन फार येतं हो."

रत्नप्रभाबाई तडक उठून स्वयंपाकघरात आल्या. तिथे गुणाजी पाटावर बसून पाणी पीत होते.

"व्याही," त्या हळूच म्हणाल्या, "तुमच्या स्टुडिओत अजून एखादा निघेल का हो?"

गुणाजींनी लेकीकडे पाहिलं.

"निघेल की, आई," सुलक्षणा म्हणाली. "पण तो बिघडला की घाटकोपरहून निरोप कोणाला येणार, ते आधी ठरवा."

रत्नप्रभाबाई क्षणभर ओट्याला धरून उभ्या राहिल्या. ओठ हलत होते. गॅस, मोटर, स्टॅबिलायझर. सगळे आकडे त्यांना तोंडपाठ होते, फक्त आजवर ते दुसऱ्याच्या खात्यावर होते. मग पदर सारखा करून त्या बाहेर गेल्या.

"ऊन येतं ना, सुगंधाबाई? जाडसा पडदा लावा. पडद्याला गॅस भरावा लागत नाही."

सासऱ्यांचा कप वाजला. माणिकने मान खाली घातली. सुगंधाबाई बघतच राहिल्या, आणि हे हसण्यावारी न्यायचं की उठून जायचं, हे त्यांना तरी ठरवता येत होतं की नाही कोण जाणे.

तेवढ्यात एसी पुन्हा खरखरला.

"सुलक्षणा," रत्नप्रभाबाई मान न वळवता म्हणाल्या, "आपला एसी जरा कमी कर गं."

सुलक्षणा बटणाकडे गेली. तुमचा नाही, आमचाही नाही. चार वर्षांत हा शब्द ती पहिल्यांदा ऐकत होती. अठ्ठावीसशेचं बिल आता याच घरात फिरणार होतं. दहिसरला जाणार नव्हतं.

तिने बटण एक घर मागे फिरवलं.