बुडाला भोक असलेली बाटली

मी एक जुनी बाटली आहे, मित्रांनो, आणि तीही बुडाला भोक असलेली. हसून घ्या. पहिल्यांदा बघणारं प्रत्येक माणूस हसतंच. पण हसून झालं की नीट बसा, कारण मी रागावलेली आहे आणि आज कुणाची भीडभाड ठेवणार नाही.

माझा जन्म संत्र्याच्या सरबतासाठी झाला. मास्विंगो शहराच्या बस-स्टँडवर एका ड्रायव्हरने मला एका दमात रिकामी केली आणि खिडकीतून भिरकावली. मी गटारातच संपले असते. पण मुचेके वस्तीच्या दवाखान्यातली झाडूवाली अशा बाटल्या गोळा करायची. तिने मला घासून धुतलं आणि सिस्टर पर्पेच्युआच्या टेबलावर उभं केलं. सिस्टरने मेणबत्तीवर तार लाल केली आणि खुपसली माझ्या बुडात. आई गं! पण भोक पाडलं ते बरोबर दम्याच्या पंपाच्या तोंडाएवढं. पंप मागून बसवायचा, फवारा माझ्या पोटात मारायचा आणि माझं तोंड पोराच्या तोंडात द्यायचं. मग पोर सावकाश श्वास घेतं आणि औषध छातीत उतरतं. नुसता पंप तोंडात मारला तर बरंचसं औषध जिभेवरच राहतं. या कामाची तयार नळी मोठ्या दुकानात मिळते म्हणे. मुचेकेत कुणी ती पाहिलेली नाही. मुचेकेत मी आहे.

मला मुफारोच्या हातात दिलं. पहिलीत जाणारी, पुढचे दात पडलेली, तोंडाने अखंड बडबडणारी पोरगी. तिच्या आईचं नाव मायदेई, पण पोर झाल्यापासून तिला कुणी मायदेई म्हणत नाही. ती माई मुफारो, म्हणजे मुफारोची आई. सिस्टरने तिला दोन पंप दिले आणि बजावलं, "निळा, दम लागल्यावर. तपकिरी रोज, दोन्ही वेळा, दम लागो न लागो. तपकिरी चालू राहिला तर निळ्याची वेळच येणार नाही."

सुरुवातीचे दिवस काय सांगू! मुफारोने मला नेलपॉलिशने दोन डोळे काढले. सकाळी शेंगदाण्याच्या लोण्याची लापशी व्हायच्या आधी माझा मान. शेजारची पोरं दारात उभी राहून बघायची, आणि ही पंप ओढून झाला की फुशारकीने म्हणायची, "तुमच्याकडे आहे का अशी बाटली? नाही ना? मग गप्प बसा."

मग कधीतरी तपकिरी पंप थांबला. आज राहिला, उद्या राहिला, मग राहतच गेला. मी फळीवर गेले, आणि माझ्या वरच्या तोंडात कुणीतरी दोन चमचे खोचले. चमचे! ज्या तोंडातून एक पोर श्वास घेते त्या तोंडात! मी फळीवरून बघत असायचे. मायदेई उंबऱ्यावर बसायची, मांडीवर पालेभाजीची जुडी, आणि हात नुसते जुडीवर ठेवलेले. चुलीवरचा साड्झा, मक्याच्या पिठाचा घट्ट गोळा, करपायचा, वास घरभर व्हायचा, तरी ती हलायची नाही. शेजारीण कुंपणावरून म्हणायची, "आमचीही पोरं खोकतात बाई, आम्ही नाही असं तोंड पाडून बसत." नवरा जोहान्सबर्गला कामाला. तो फोनवर म्हणायचा, "दिवसभर करतेस काय? एक पोर सांभाळता येत नाही तुला?" आणि हे सगळं ऐकून ती काय म्हणायची ठाऊक आहे? "हो. चुकलं माझं."

माझं प्लॅस्टिक तापायचं रागाने! कुणी धड विचारायला नको, की बाई, तुला होतंय तरी काय?

जून महिन्यात, म्हणजे आमच्या हिवाळ्यात, थंड वारं सुटलं. वीज गेलेली होती. मायदेईने दाराशी लाकडं पेटवली, आणि धूर घरात शिरला. मुफारोला दम लागला. गळ्याखालची खळगी आत ओढली जात होती आणि त्या बडबड्या पोरीला एक शब्द जमत नव्हता. मायदेईने मला ओढलं, चमचे खाली पडले, घाईत पंप भोकात बसेना. शेवटी बसला. निळे फवारे देत देत तिने पोरीला पाठीवर बांधलं आणि धावत दवाखाना गाठला. मी तिच्या मुठीत होते. वाचली पोरगी.

आणि मग सिस्टरने मायदेईने बरोबर आणलेला तपकिरी पंप हातात घेतला, कानाशी नेऊन हलवला. "अगं, भरलेला आहे की हा! पोर मारायचंय का तुला?" सगळ्या बाकांवर बायका बसलेल्या होत्या. सगळ्यांनी ऐकलं.

"चुकलं, सिस्टर," मायदेई म्हणाली.

ही बातमी गुटूला, तिच्या सासरच्या गावी, पोचायला किती वेळ लागणार! दुसऱ्याच दिवशी मुफारोची आत्या हजर. तिला सगळे तेते म्हणतात, आणि तेतेचा शब्द त्या घराण्यात खाली पडत नाही. भावाची बायको तिच्या लेखी सून. सुनेने तिच्यापुढे गुडघे टेकून बोलायचं.

"सूनबाई, मी पोरीला घेऊन जाते," तेते म्हणाली. "पंपाची सवय लागते, मग जन्मभर सुटत नाही. निलगिरीचा पाला उकळून वाफ देईन. आम्ही काय पंप ओढून वाढलो?"

"तेते, सिस्टर म्हणतात की..."

"सिस्टरने तुला काय सांगितलं ते सगळ्या मुचेकेने ऐकलंय. महिनाअखेरीला येते. पिशवी भरून ठेव."

जाता जाता तिने स्वयंपाकघर आवरायला घेतलं. तेलाचा डबा गळका दिसला, म्हणून तिने मला उचललं आणि तेल ओतलं माझ्यात. मागून धार लागली! तिच्या लुगड्यासारख्या गुंडाळलेल्या कापडावर, पायांवर, सगळीकडे तेल. "या घरात एक बाटलीसुद्धा धड नाही!" ती किंचाळली. मित्रांनो, त्या दिवसातलं तेवढंच काय ते सुख माझ्या वाट्याला आलं.

पण सुख कसलं? मुफारो गुटूला गेली असती तर तिच्याबरोबर तपकिरी पंप गेला नसता आणि मीही नाही. तिकडे दवाखाना दूर. पुढचा दम लागला असता तेव्हा पोरीजवळ असता फक्त उकळलेला पाला. आणि इकडे ही बाई कुणासाठी उठली असती सकाळी?

सिस्टरबद्दलही खरं ते सांगते. ओरडली ती ओरडलीच, त्याबद्दल मी तिला माफ केलेलं नाही. पण ज्यांचे तपकिरी पंप भरलेले परत येत, त्या आयांना ती दवाखान्यामागच्या आंब्याखाली पाठवायची. तिथे एस्नाथ नावाची वयस्क बाई बसायची, जिला सगळ्या आंबुया, म्हणजे आजी, म्हणायच्या. पूर्वी शाळेचे गणवेश शिवायची, आता दवाखान्याने तिला अशा आयांशी बोलण्याचं शिक्षण दिलं होतं. मायदेई गेली. मला पिशवीत घेऊन, कारण सिस्टरने बाटली दाखवायला सांगितली होती.

आता आमच्याकडे सकाळच्या भेटीची एक रीत आहे. एकाने विचारायचं, "झोप लागली का?" दुसऱ्याने म्हणायचं, "तुम्हाला लागली असेल तर मलाही लागली." मग पहिल्याने म्हणायचं, "लागली." झालं. कुणाच्या घरी प्रेत असलं तरी झोप लागलेलीच असते. या गोड रीतीने किती बायकांची तोंडं शिवलीत याचा हिशेब कुणी ठेवला नाही.

"झोप लागली का?" एस्नाथने विचारलं.

"तुम्हाला लागली असेल तर मलाही लागली," मायदेई जमिनीकडे बघत म्हणाली.

"मला कुठली लागतेय! शेजारी प्रार्थनावाल्यांचे ढोल, त्यात माझा गुडघा. डोळ्याला डोळा नाही."

मायदेई गडबडली. रीतीत याला उत्तरच नव्हतं. मग तिच्या तोंडून हसू फुटलं, आणि हसता हसताच ती रडायला लागली.

"मग मलाही नाही लागली," ती म्हणाली. "किती दिवस नाही लागली. मुफारो झोपली की मी तिच्या छातीला कान लावून बसते. श्वास चालू आहे ना, एवढंच ऐकत. सकाळी अंगात त्राण नसतं. तो तपकिरी पंप बघितला की वाटतं, हे कधी संपणारच नाही. मग हात उचलतच नाही. हात उचलत नाही, आंबुया! आणि सगळे म्हणतात आळशी."

एस्नाथने "असं बोलू नये" म्हटलं नाही. "देव सगळं ठीक करेल" असंही नाही. तिने सरळ विचारलं, "मरावंसं वाटतं?"

मायदेईने डोळे पुसले. मग म्हणाली, "वाटतं."

एस्नाथने तिचा हात धरला आणि त्याच पावली तिला आत सिस्टरकडे नेलं. सिस्टरने दार लावून घेतलं. त्या दिवशी ती ओरडली नाही.

तेव्हापासून दर आठवड्याला आंब्याखाली. या आजाराला आमच्याकडे नाव आहे, कुफुंगिसिसा, म्हणजे विचारांनी माणसाला आतून पोखरणं. एस्नाथ म्हणाली, "हा आजार आहे, स्वभाव नाही. तुझ्या पोरीच्या छातीत आहे तसाच तुझ्या मनात. आता सांग, सगळ्या अडचणींपैकी आधी कुठली धरायची?" मायदेईने सकाळचं उठणं धरलं. एस्नाथने फुकटचा उपदेश केला नाही, हिच्याकडूनच वाट काढून घेतली. नळावर पाणी आणायला जाताना शेजारणीने दार वाजवायचं असं ठरलं. हो, तीच कुंपणावरची! मायदेईने तिला सगळं सांगितलं तेव्हा ती आधी चाट पडली, मग म्हणाली, "अगं, मला वाटलं तू माजलीस!" दुसऱ्या सकाळपासून तिने दार असं बडवायला सुरुवात केली की अर्धी गल्ली उठायची.

चमचे निघाले. मला साबणाच्या पाण्यात बुचकळून उन्हात ठेवलं. तपकिरी पंप सुरू झाला. चुकायचाही मधूनमधून. काही दिवशी मायदेई परत उंबऱ्यावर तशीच बसायची. जादू झाली असं मी सांगणार नाही, कारण जादू झाली नाही. पण चुकलेल्या दिवसाबद्दल ती आंब्याखाली बोलायची, आणि त्याच्या पुढचा दिवस चुकायचा नाही.

महिना संपला. तेते आली, हातात रिकामी पिशवी.

"भरली नाहीस अजून?"

मायदेईने गुडघे टेकले. रीत तिने मोडली नाही. पण मान खाली घातली नाही. "मुफारो कुठेही जाणार नाही, तेते."

"जीभ फुटली वाटतं!"

"मी आजारी होते. आळशी नव्हते. मला मरून जावंसं वाटत होतं, आणि तुमच्यापैकी एकालाही कळलं नाही, कारण एकानेही विचारलं नाही. मी उपचार घेतेय. पोरीचा पंप चालू आहे. तिला न्यायचं असेल तर आधी मला इथून उचलून बाजूला टाका."

तेतेने पिशवी खाली टाकली. मी म्हटलं, आता मायदेईच्या थोबाडीत बसते. पण म्हातारी हळूहळू चटईवर बसली, आणि जमिनीला सांगावं तशी बोलायला लागली. "माझा एक धाकटा भाऊ होता, आई त्याला पाठीवर बांधून फिरायची. असाच धापा टाकायचा. तो गेल्यावर आई विहिरीकडे गेली, ती परत आली नाही. लोक म्हणाले, पाय घसरला." मग तिने कापडाच्या टोकाने नाक पुसलं आणि नेहमीच्या खाष्ट आवाजात म्हणाली, "बघतेस काय? ती भोकाची बाटली कशी धरायची ते दाखव मला. आणि तुझा तो आंबा कुठे आहे?"

मित्रांनो, मला ती बाई अजून आवडत नाही. एक आई विहिरीत गेली आणि सगळ्या घराण्याने तिचा पाय घसरवला, त्याचा राग माझ्या भेगाळलेल्या अंगात मावत नाही. मी आता धुरकटले आहे, लवकरच सिस्टर दुसऱ्या बाटलीला तार लावेल, आणि लावावी. माझं एवढंच मागणं आहे. पोराची छाती तपासाल तेव्हा त्याला धरून उभी असलेली बाईही बघा. ती "मी बरी आहे" म्हणाली तर लगेच पुढच्या पेशंटला हाक मारू नका. पुन्हा विचारा. आणि ती बोलायला लागली की कृपा करून तोंड बंद ठेवा.