अकराव्या नंबरचा प्रश्न

"ती बाई आपल्या मतावर निवडान नाय इली. तिका आपली काय पडलीहा?" बाबा बशी खाली आपटत बोलले.

"मग कोणाच्या मतावर आली?" मी बोललो.

"मास्तरांच्या. वरच्या सभागृहात मास्तरांचो येगळो आमदार असता. मास्तर मत देतत, ती मास्तरांचा काम करता. आपण कोण? मी वॉचमन. आणि तू तर तेवढो पण नाय."

माझं डोकं सटकलं. "तुम्ही येऊच नका. मी एकटा जातो. तुमचा पास फाडून टाकतो."

"हात तर लाव," मालनताई मोरीतून बोलली. "विधान भवनाचे पास माझ्या नावाने मागितलेत बाईंनी. मला खाडा करता येत नाही म्हणून तुम्ही दोघं चाललाय. तिथं तरी भांडू नका."

ताई दिवसा साकीनाक्याला चंद्रप्रकाश शेठच्या शेडमध्ये बाटल्यांची बुचं भरते आणि संध्याकाळी घाटकोपरच्या रात्रशाळेत नववीला बसते. जूनपासून ती शाळा बंद, असा कागद आला होता. का, तर पोरं येत नाहीत. बाबांनी तेवढंच धरलं. शाळा बंद तर मे महिन्यात गावाला नेऊन ताईचं लग्न. मुलगा पण बघून ठेवला होता, देवगडकडचा, नारळाच्या बागेवाला. ताईला दहावी करायची होती. तिचं दुसरं काही मागणं नव्हतं.

उत्तराबाई म्हणजे विधान परिषदेतल्या आमदार. मुलुंडला राहतात, आधी शाळेत गणित शिकवायच्या. त्यांनी शाळेत येऊन सगळ्या पोरांशी बोलून ते प्रकरण सभागृहात टाकलं होतं. तारांकित प्रश्न म्हणतात त्याला. मंत्र्याला उभं राहून तोंडी उत्तर द्यावं लागतं, पण नंबर आला तरच. नंबर चिठ्ठ्या टाकून लागतात. आमचा लागला अकरावा.

विधान भवनाच्या दारात बाईंनी आम्हाला गाठलं. बुटक्या, जाड चष्मा, खांद्याला शबनम. मला वरपासून खालपर्यंत बघून बोलल्या, "तू तापट आहेस असं मालन सांगत होती. ऐक. प्रश्नांचा एकच तास असतो. रोज सात-आठ होतात, बाकीचे लटकतात. गॅलरीत तू तोंड उघडलंस तर तुला बाहेर काढण्यात पाच मिनिटं जातील आणि ती आपल्याच प्रश्नाची जातील. समजलं?"

"मी काय लहान आहे?"

"तेच विचारतेय."

बाबा गालात हसले. मला राग आला, तरी बाईंच्या मागे आत शिरलो.

गॅलरी एकदम थंडगार. बोलायचं नाही, टाळी नाही, कठड्यावर हात ठेवायचा नाही. एक मार्शल आमच्याच मागे उभा, जसं काय आमच्या कपाळावर लिहिलंय. खाली गोलात आमदार बसलेले. निम्म्या खुर्च्या रिकाम्या. बाबा कानात बोलले, "असो खाडो आमच्या गिरणीत केलो असतो तर गेटावरनंच परत धाडल्यानी असतो."

मी बाईंवर नजर ठेवून होतो. घंटी व्हायच्या आधी त्या चार बाकांवर जाऊन आल्या. एका गांधी टोपीवाल्या म्हाताऱ्याशी बोलल्या, एका जाड्या आमदाराच्या खांद्यावर हात ठेवला. दोघं समोरच्या पक्षाचे. मला वाटलं, आपल्या कामाच्या टायमाला ही बाई गप्पा मारत फिरते.

मग सभापती आले, प्रश्न सुरू झाले. पहिलाच प्रश्न कसल्यातरी धरणाचा, तो संपता संपेना. एकाने उपप्रश्न विचारला की दुसरा उभा. घड्याळ समोरच होतं. बाबा माझ्याकडे बघायचे, मी घड्याळाकडे. पाचव्या नंबरपर्यंत अर्धा तास खलास. वाट लागली असं धरून चाललो.

सहावा त्या जाड्याचा होता. तो उठला, एकच उपप्रश्न विचारला आणि खाली बसला. सातव्याचा आमदार जागेवरच नव्हता, सभापतींनी सरळ पुढचा पुकारला. आठवा टोपीवाल्याचा. तो म्हणाला, "उत्तराने माझं समाधान झालं आहे." तेव्हा मला कळलं बाई सकाळी कशाला फिरत होत्या. ती माणसं आपला टाइम बाईंना देत होती.

नववा आणि दहावा सुटले, आणि उत्तराबाई उभ्या राहिल्या. बाबा पुढे सरकले.

मंत्र्यांनी छापील कागद वाचला. पटावर बासष्ट, तपासणीच्या दिवशी हजर नऊ. विद्यार्थ्यांना शिक्षणाची आस्था नाही असं दिसून आलं. शाळा बंद झाल्याने कामगार मुलींचं नुकसान होणार आहे हे खरं आहे काय, या बाईंच्या प्रश्नाला उत्तर: प्रश्न उद्भवत नाही.

माझ्या कानशिलात आग. ताई बुचांनी फाटलेल्या बोटांनी भूमिती काढते, आणि आस्था नाही. मी तोंड उघडणार, एवढ्यात बाजूने आवाज आला.

"साहेबानू..."

बाबा उभे. कठड्याला दोन्ही हात. ज्या माणसाला ती शाळा बंद झालेली हवी होती, तो.

"साहेबानू, तेका मीच—"

मी त्यांच्या शर्टाला धरून खाली ओढलं आणि तोंडावर हात दाबला. मार्शल दोन ढांगांत आला. मी दुसऱ्या हाताने नमस्कार केला, मान हलवली, "म्हातारा आहे, नाही बोलणार." त्याने खाली बघितलं. सभापतींची मान वर झालेली. मग सभापती बाईंकडे वळले, "विचारा, दोन मिनिटं राहिली आहेत."

माझ्या हाताखाली बाबा रडत होते. हळूच बोलले, "तपासणी झाली तेवा मालनाक मीच गावाक नेललंय रे. ता नाय म्हणत होता."

खाली बाईंनी एकच विचारलं, "तपासणी कोणत्या तारखेला झाली?"

मंत्र्यांच्या कागदात ते नव्हतं. अधिकारी बसतात तिथून एक चिठ्ठी आली. मंत्र्यांनी तारीख वाचली आणि वाचता वाचताच त्यांचा आवाज बारीक झाला. मागून टोपीवाला बोलला, "अहो, त्या दिवशी गौरीजेवण होतं."

सगळे हसायला लागले. बाई बोलल्या, "सभापती महोदय, या शाळेतली बहुतेक मुलं कोकणातली आहेत. गणपतीत घाटकोपरात कोण सापडणार? मंत्रिमहोदय स्वतः त्या दिवशी मुंबईत होते का?"

"वैयक्तिक प्रश्न नको," सभापती बोलले, पण ते पण हसत होते.

मंत्री रत्नागिरीकडचे. त्यांनी कान खाजवला. "मी गावी होतो. गौरी आमच्याकडेच असतात." मग कागद बाजूला ठेवून बोलले, "पुन्हा तपासणी करू. तोपर्यंत शाळा बंद करणार नाही."

घंटी झाली.

बाहेर व्हरांड्यात बाबांनी बाईंना हात जोडले. बाई बोलल्या, "हात राहू द्या. पुढच्या गणपतीत मालनला किती दिवस नेणार?"

"बाई, गणपती तर आणूचोच लागतलो."

"आणा की. दीड दिवसाचं विसर्जन झालं की मुलीला गाडीत बसवा."

"आमचो गौरीबरोबर जाता."

"मग तुम्ही थांबा, ती येईल."

"आणि ते लग्न?" मी मुद्दाम विचारलं.

"तू गप रव. दहावी होईपर्यंत खयचा लगीन," बाबा माझ्यावरच खेकसले, जसं काय मीच ठरवलं होतं.

मला एक गोष्ट डाचत होती. "बाई, आम्ही तुम्हाला मत देत नाही. मग हे कशाला करता?"

बाबांनी माझ्या पाठीत गुद्दा घातला. बाई सरळ बोलल्या, "शाळा बंद झाली तर आठ शिक्षक घरी बसतील. ते देतात मत."

"आणि ताई?"

"ती पदवीधर झाली की पदवीधरांच्या मतदारसंघात नाव घालेल, आणि माझ्या विरोधातल्या कुणाला तरी निवडून देईल. तुझीच बहीण ना?" मग चष्मा पुसत बोलल्या, "आज मिळालं ते आश्वासन. त्याची नोंद झाली, खातं विसरलं तर आमची समिती त्यांना बोलावून विचारते. पण तपासणीवाला सांगून येणार नाही. तो येईल त्या संध्याकाळी बाकं भरलेली पाहिजेत. त्यात मला काही करता येणार नाही."

त्याला आता दोन आठवडे झाले. तपासणीवाला आलेला नाही. बाबा ड्यूटीवर जायच्या आधी चाळीत दार वाजवत फिरतात, कोणाचा पोरगा शाळेत गेला नाही ते बघतात. लोक वैतागलेत. मला पण दोनदा विचारून झालं, आठवीत सोडलेली शाळा परत धरतोस का. अजून हो बोललेलो नाही. नाही पण बोललेलो नाही.

लोचा वेगळाच झालाय. उन्हाळ्यात थंड पेयांच्या बाटल्या जास्त खपतात, म्हणून चंद्रप्रकाश शेठने कालपासून पोरींना ओव्हरटाइमला थांबवायला सुरुवात केलीय. ताई धरून त्या शेडमधल्या सहा पोरी एकाच वर्गात आहेत. काल सहाही बाकं रिकामी राहिली. नशीब, काल कोणी आलं नाही. त्यातली प्रेमा आज ताप आला म्हणून लवकर सुटली, ती सांगत आली की शेठने आज पण शटर अर्धं खाली ओढलंय, म्हणजे पोरींना शाळेच्या टायमाला सोडणार नाही.

शिव्या घालून शटर वर जाणार नाही एवढं मला कळतं. शेठची पोरगी इंग्लिश शाळेत दहावीलाच आहे, तिथून बोलायला सुरुवात करीन. नाहीच ऐकलं तर पुढचं तिथं बघू. शाळा भरायला तासभर आहे आणि साकीनाक्याची बस समोर उभी आहे. मला आता निघायला पाहिजे.