चिकूला न ओळखणारी अँटीबॉडी

टोमॅटोच्या रांगेत तपकिरी रेघ ठसठशीत उमटली होती. चिकूच्या दोन्ही रांगा मात्र कोऱ्या. ज्यावर फळांतली प्रथिने उतरवली होती, तो कागदासारखा ओला पडदा धनेशने पुन्हा खिडकीच्या उजेडात धरला, जणू उजेडाला दया येणार होती.

"तुमच्या अँटीबॉडीला चिकू पसंत नाही वाटतं," सहायक मयुरा म्हणाली. "सशाच्या रक्तातली ना ती? गाजर दाखवून बघा."

धनेश कसनुसा हसला. तो तलासरीच्या डोंगराकडचा, भात-नागली पिकवणाऱ्या घरातला. डहाणूच्या या छोट्या प्रयोगशाळेत दोन वर्षे तो एकाच एन्झाइमच्या मागावर होता. डीएनएचा धागा ज्या हिस्टोन नावाच्या प्रथिनांभोवती गुंडाळलेला असतो, त्यांवरच्या रासायनिक खुणा हे एन्झाइम पुसते आणि फळ पिकवणारी जनुके जागी होतात. या एन्झाइमला चिकटून पडद्यावर रेघ उमटवणारी अँटीबॉडी बनवली होती टोमॅटोसाठी. ती चिकूतले एन्झाइम ओळखेल का, एवढाच प्रश्न होता. नाही ओळखले, तर चिकू सोडायचा आणि टोमॅटोच्या कामासाठी हैदराबाद गाठायचे, असे मुंबईच्या मार्गदर्शकांनी बजावले होते. डहाणू सोडताना नेमके काय सुटेल, हे धनेशने कुणाला सांगितले नव्हते. स्वतःलाही अर्धवटच.

"हैदराबादची बिर्याणी चांगली असते म्हणे," मयुरा म्हणाली. "पण तिथे तुम्हाला चिडवणार कोण?"

त्याने उत्तर टाळून फोन उचलला. "सरांना कळवतो. पिकलेल्या फळातही एन्झाइम दिसत नाही."

"पिकलेलं? ते कुठे होतं?"

"तुम्ही दिलेल्या नमुन्यांच्या नळ्यांवर लिहिलंय. एकीवर कच्चं, दुसरीवर तयार."

मयुरा तोंडावर हात ठेवून हसली. "अहो, तयार म्हणजे उतरवायला तयार. दगडासारखं असतं ते. बाबांनी झाडावरून काढलं नि मी लगेच गोठवून, कुटून तुम्हाला दिलं."

"आमच्याकडे भात तयार म्हणजे पिकलेला," धनेश पुटपुटला.

"भात उभ्या उभ्या पिकतो. चिकूला उतरवून पेंढ्यात दडपावं लागतं. पण चूक माझीही आहे. तुम्हाला काय हवंय ते नीट विचारायला हवं होतं. विचारावं, तर तुम्ही कानापर्यंत लाल होता."

तो झालाच.

गोविंदरावांनी, म्हणजे मयुराच्या वडिलांनी, वाडीतले चिकू पेंढ्यात घातले. ते मऊ झाल्यावर धनेशने नवा पडदा रंगवला. कच्चे कोरे, तयार कोरे आणि पिकलेल्याच्या रांगेत, टोमॅटोच्या रेघेच्याच उंचीवर, एक फिकट रेघ. धनेशचा विश्वास बसेना. अँटीबॉडी एन्झाइमच्या ज्या तुकड्याला चिकटते, तो तुकडाच तिला आधी पोटभर खाऊ घालून त्याने दुसरा पडदा रंगवला. पोट भरलेली ती पडद्यावर कुठेच चिकटली नाही, रेघ आली नाही. म्हणजे ओळख खरी होती.

"लाजाळू आहे, पण ओळखते," मयुरा म्हणाली. "काही माणसांपेक्षा बरी."

धनेशने फोन लावला. "सर, चिकूत एन्झाइम सापडलं. मी डहाणूतच राहतो."

"कामासाठीच ना?" पलीकडून सरांनी विचारले.

बोलणे नीट ऐकू यावे म्हणून मयुराने डोक्यावरचा पंखा बंद केला होता, आणि आपण तो का बंद केला हे लपवण्यासाठी ती उगाच त्याच्या पात्यांकडे बघत होती.

"कामासाठीही," धनेश म्हणाला.